डोन्का थांबायची

रुसे गावच्या क्रीडागृहात पियानो दाराजवळ होता, आणि ते दार कधीच घट्ट बसायचं नाही. थंडीत डॅन्यूबवरचा वारा थेट डोन्काच्या पाठीत घुसायचा. वारा फिरला की नदीपलीकडच्या कारखान्याचा क्लोरीन यायचा. मग फटीत चिंध्या कोंबायच्या, खिडक्या लावून घ्यायच्या आणि मुलींनी खोकत खोकत उड्या मारायच्या. पियानो जरा आत सरकवा, असं डोन्कानं कितीदा तरी सांगून पाहिलं. स्नेझा म्हणायची, "आत गालिचा आहे, डोन्का. गालिचा मुलींचा. तुला वारा लागत असेल तर जोरात वाजव, ऊब येईल."

स्नेझा म्हणजे प्रशिक्षक. मुली तिला बाई म्हणत, मुलींचे आईबाप कॉम्रेड म्हणत, आणि पाठीमागे सगळे मिळून जे म्हणत ते छापण्यासारखं नाही.

चेंडू, दोरी, रिबन, कडं घेऊन मुली संगीतावर जे करतात त्याला आमच्याकडे कलात्मक जिम्नॅस्टिक म्हणतात. बाहेरच्या जगानं त्याचं नाव लयबद्ध ठेवलंय, मधे काही वर्षं आधुनिक म्हणूनही बघितलं. नावं ठेवणाऱ्यांच्या बापाचं काय जातं. स्नेझा मात्र नव्या मुलींच्या आयांना पहिल्याच दिवशी अर्थ सांगून मोकळी व्हायची. "पोरगी लोखंडी दांड्यावर लटकते तेव्हा ती दमलेली दिसते. दिसलं तरी चालतं, कारण तो व्यायाम आहे. आमच्याकडे चालत नाही. कलात्मक म्हणजे दुखतं ते दिसत नाही. कळलं? ज्यांना कळलं नाही त्यांनी पोरीला व्हॉलीबॉलला घाला."

आया माना हलवायच्या आणि पोरीला तिथंच सोडून जायच्या.

आता कॅसेट लावतात आणि मोकळे होतात. तेव्हा प्रत्येक हॉलला एक पियानोवाली असायची. डोन्का मूळची खेड्यातली, चांभाराची पोर. गावच्या वाचनालयात एक जुना पियानो होता, शाळेच्या बाईंनी तिला त्याच्यावर बसवलं. सोफियाला, राजधानीच्या संगीत महाविद्यालयात परीक्षेला गेली तेव्हा एका म्हाताऱ्यानं तिचा हात हातात घेतला, बोटं ताणून पाहिली आणि म्हणाला, "कन्ये, हा पंजा पीठ मळायचा आहे." बाकीचे हसले. तिला वाजवूनसुद्धा दाखवू दिलं नाही. परत आली, बंदरावरच्या क्रेनवाल्या पेन्चोशी लग्न केलं, आणि क्रीडागृहात नोकरी धरली.

तिथं पंजा कोण बघतो. तिथं डोळे लागतात. डोन्का वाजवताना पट्ट्यांकडे कधी बघायची नाही, मुलीकडे बघायची. मुलगी हवेत गेली की डोन्काचा डावा हात हवेत. मुलीचे पाय गालिच्याला लागले की हात खाली. चेंडू एका तळहातावरून छातीवरून दुसऱ्या तळहाताकडे घरंगळताना जरा रेंगाळला, तर डोन्का सूर धरून ठेवायची, चेंडू पोचेपर्यंत. बघणाऱ्याला वाटायचं, काय तालात आहे पोरगी. धंद्यात याला थांबणं म्हणायचे. सगळ्याच पियानोवाल्या थोडंफार थांबायच्या, पण डोन्कासारखं कुणी थांबत नव्हतं. शेजारच्या गावांतल्या प्रशिक्षक स्नेझाला म्हणायच्या, "तुझी पियानोवाली दे, माझ्या दोन मुली घे." स्नेझा म्हणायची, "तुझ्या मुलींचं वजन बघून सांगते."

वजन. सकाळी पहिलं काम ते. दाराशी काटा ठेवलेला, मुली रांगेत, अंगावर फक्त चड्डी-बनियन. केसांतल्या पिनासुद्धा काढायच्या. आकडा स्नेझा मोठ्यानं वाचायची, सगळ्यांनी ऐकावा म्हणून. जास्त भरली तर अंगात नायलॉनचा रेनकोट चढवायचा, टोपी बांधायची आणि हॉलभोवती पळायचं, घामाबरोबर वजन जाईपर्यंत. आणि पळताना ताल चुकू नये म्हणून डोन्कानं पोल्का वाजवायचा.

या रांगेत डोन्काची स्वतःची पोरगी होती. रालित्सा. चौदा वर्षांची, घोट्यापासून मानेपर्यंत नुसती दोरी. हॉलमध्ये ती आईला आई म्हणायची नाही, इतर मुलींसारखी डोन्कामावशीच म्हणायची. स्नेझाचा नियम.

"राली, काल काय खाल्लंस?"

"सफरचंद, बाई."

"सफरचंद की सफरचंदाचं झाड?"

मुली हसल्या. हसावंच लागायचं, जी हसली नाही तिच्याकडे बाईंचं लक्ष जायचं. रालीनं रेनकोट चढवला. डोन्कानं पोल्का सुरू केला. तिच्या पाठीला वारा लागत होता आणि समोरून तिची पोरगी ओठ मिटून, प्लॅस्टिकमध्ये खसखसत पळत जात होती. डोन्कानं पोल्का जरा हळू घेतला.

"डोन्का," स्नेझा काट्यापाशी उभी राहून म्हणाली, "ती म्हशीसारखी पळावी अशी इच्छा आहे का तुझी?"

डोन्कानं पोल्का वाढवला.

आता कुणी विचारेल, एवढं होतं तर पोरीला काढून का नाही घेतलं. विचारणाऱ्यांनी आमच्या गावात एक हिवाळा काढावा. पेन्चो, डोन्का आणि राली एका खोलीत राहायचे, राली स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर झोपायची. सरकारी घराच्या यादीत नाव होतं, म्हणजे नुसतंच होतं. सोफियाच्या राष्ट्रीय पथकात मुलगी गेली की यादी हलायची. पथकातल्या मुली जपानला जायच्या, येताना टेपरेकॉर्डर आणायच्या. त्यांच्या घरी नववर्षाला रांगेत उभं न राहता संत्री यायची. हे सगळं डोन्का लोकांना सांगायची. जे सांगायची नाही ते असं, की सोफियातल्या एका दारातून तिला हसून बाहेर काढलं होतं, आणि त्याच शहरात तिची पोर पुढच्या दारानं आत जावी, एवढंच तिला हवं होतं. घर नंतरची गोष्ट.

ऑक्टोबरात डोन्काच्या लक्षात आलं की उडीनंतर रालीचा डावा पाय उशिरा टेकतोय. डोळ्याला कळत नव्हतं, हाताला कळलं. हात खाली यायचा आणि पाय अजून वाटेतच असायचा. पोरगी आधी बाहेरची कड टेकवायची, मग पाऊल उलगडायची, विस्तवावर ठेवल्यासारखं. चेंडूच्या रचनेत अशा तीन जागा होत्या. तिन्ही ठिकाणी डोन्का थांबायला लागली. पाय टेकला की सूर सोडायचा. कुणाला काही दिसलं नाही. रालीलाही कुणी काही सांगितलं नाही, पण दुसऱ्याच दिवसापासून तिचे खांदे सैल पडले. तिला कळलं होतं, आई बघतेय.

घरी मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात तिचा पाय पेन्चोनं बघितला.

"हे काय आहे?"

"पाय आहे, बाबा."

"बोटांच्या मागं गाठ आलीय. डोन्का, इकडे ये. हे बघितलंस?"

"सगळ्या मुलींचे सुजतात."

"माझ्या क्रेनचा दोर असा फुगला असता ना, तर मी खाली उतरलो असतो. फोरमनच्या बापालासुद्धा वर चढू दिलं नसतं."

"तुझी क्रेन सोफियाला जाणार नाहीये, पेन्चो."

"डॉक्टरला दाखव."

"डॉक्टर काय सांगणार? बसव म्हणेल. मार्चमध्ये निवड आहे. आत्ता बसली तर तिच्या जागी उद्या दुसरी उभी राहील." मग रालीकडे वळून तिनं विचारलं, "चालतंय ना?"

राली पाण्यात पाय हलवत होती. "चालतंय," ती म्हणाली. "तू थांबतेस ना."

यावर डोन्काच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला अभिमान म्हणतात. लाज वाटायला पाहिजे होती. पण माणसाला जे बरं जमतं त्याची लाज वाटत नाही, हीच तर बोंब आहे.

नववर्षाच्या रात्रीला आमच्याकडे बानित्सा करतात. चीज घातलेली, पापुद्र्यांची, गोल ताटभर. तिच्या थरांत ड्र्यानच्या झाडाच्या कळीदार काड्या खुपसायच्या. एक काडी तब्येतीची, एक प्रवासाची, एक घराची. ताट गरगर फिरवायचं, थांबेल तसा ज्याचा त्याचा तुकडा, आणि तुकड्यात निघेल ते वर्षाचं नशीब. पेन्चोनं ताट फिरवलं. रालीसमोर मोठा तुकडा आला, तुपानं चमकणारा. डोन्कानं तो काट्यानं फोडला, आतली काडी शोधून काढली, रुमालाला पुसली आणि पोरीच्या हातात दिली.

"तब्येतीची आलीय," ती म्हणाली. आणि तुकडा उचलून पेन्चोच्या ताटात ठेवला.

रालीनं काडी तोंडात घातली. तिला चीजचा वास होता. ती चघळत बसली.

पेन्चो उठला, राकिया दारूचा पेला घेऊन गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. तो तुकडा शेवटी कुणीच खाल्ला नाही.

फेब्रुवारीत स्नेझानं सोफियाचं फर्मान वाचून दाखवलं. यंदा निवड समिती गावोगावच्या पियानोवाल्या ऐकणार नाही. प्रत्येक मुलीचं संगीत आधीच टेपवर भरून पाठवायचं, सोफियाच्या हॉलमध्ये तेच लागेल.

"म्हणजे मी जाणार नाही?" डोन्कानं विचारलं.

"जा की. प्रेक्षकांत बस. टाळ्या वाजवायलाही हात लागतात."

"पण टेप..." डोन्काला नीट सांगता येईना. "टेप बघणार कशी?"

"टेप बघत नाही. मुलीनं ऐकायचं असतं. जगात सगळीकडे मुली संगीत ऐकतात, डोन्का, फक्त तुझ्या राज्यात संगीत मुलींचं ऐकतं."

हे वाक्य डोन्काला लागलं, पण कळलं नाही. पोरीनं आयुष्यात कधी संगीत ऐकलेलं नव्हतं. तिला तशी गरजच पडली नव्हती. ती हलायची आणि सूर तिच्या पायाखाली येऊन बसायचे. सहाव्या वर्षापासून असंच.

गावच्या रेडिओ केंद्रात एक लांबट खोली होती, तिथं चांगला पियानो होता. स्नेझानं ती एका सकाळपुरती मिळवली. डोन्कापुढं दोनच वाटा होत्या. सरळ, एका चालीत वाजवायचं, म्हणजे तिन्ही ठिकाणी पोरीचा पाय उशिरा पडणार आणि समितीला दिसणार. नाहीतर नेहमीसारखं थांबत वाजवायचं. तिनं पेन्चोला विचारलं नाही. रालीला विचारलं, बसच्या थांब्यावर.

"आज किती दुखतंय?"

"रोजच्याएवढं."

"मार्चमध्येही एवढंच दुखेल?"

राली हसली. "मी काय हवामान खातं आहे का, आई?"

"सांग ना."

"एवढंच दुखेल. कमी तर काय होणार."

मग डोन्कानं ठरवलं. रेडिओच्या खोलीत तिनं रालीला समोर उभं केलं. तिथं गालिचा नव्हता, लाकडी जमीन होती, आणि पोरीनं पूर्ण रचना उड्यांसकट केली. तीन उड्या, तीन ठिकाणी सुजलेला पाय विस्तवावर टेकला, तीन ठिकाणी डोन्का थांबली, अगदी जेवढ्यास तेवढं. काचेपलीकडचा माणूस म्हणाला, "सुंदर. पण मधे मधे अडखळल्यासारखं वाटतं. पुन्हा घ्यायचं?"

"नको," डोन्का म्हणाली.

स्नेझा कोपऱ्यात कोट घालून उभी होती. "मला कान आहेत, डोन्का," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. असंच जाऊ दे. भाव आहे त्यात."

टेप त्याच दिवशी पाकिटात गेली आणि सोफियाला रवाना झाली. सराव पुन्हा हॉलमधल्या पियानोवर, वाऱ्यात.

एक मार्चला सगळ्यांनी मनगटावर मार्तेनित्सा बांधल्या. लाल-पांढऱ्या दोऱ्याचा गोंडा, पहिला करकोचा दिसेपर्यंत काढायचा नसतो, काढला तर वर्ष वाईट जातं म्हणतात. रालीला ती पेन्चोनं बांधली होती, बंदरावरच्या जाड सुतळीची, स्वतः वळून. निवडीच्या दिवशी सोफियाच्या हॉलबाहेरच्या खोलीत स्नेझानं ती कात्रीनं कापली.

"चेंडूत अडकेल," ती म्हणाली.

"करकोचा अजून आला नाही, बाई."

"तो येईल तेव्हा त्याला माझं नाव सांग."

मग तिनं रालीचा मोजा उतरवला. पाय तिला माहीत नव्हता असं नाही. तिनं सगळी व्यवस्था करून ठेवली होती. तिच्या ओळखीचा एक दातांचा डॉक्टर होता, रुसेच्या जहाजकारखान्यातला, त्याला ती सोबत घेऊन आली होती. त्यानं बॅगेतून सुई काढली. दाढ उपटण्याआधी हिरडीत देतात तेच औषध त्यानं रालीच्या पावलात दिलं, घोट्याच्या अलीकडं आणि पलीकडं.

"लागतंय?" त्यानं चिमटा काढून विचारलं.

"नाही."

"आणि इथं?"

"नाही. पाय आहे का, तेच कळत नाही."

"आहे, आहे," डॉक्टर म्हणाला. "दोन तास फक्त मला दिसेल, तुला नाही."

राली हसली. कितीतरी महिन्यांनी तिला काही दुखत नव्हतं. ती नाचतच बाहेर आली. डोन्का तेव्हा वर प्रेक्षकांत बसली होती आणि हे सगळं तिला माहीत नव्हतं. तिचे हात मांडीवर होते. पियानो हॉलच्या कोपऱ्यात होता, झाकण लावलेला, त्याच्यावर कुणाचे तरी कोट टाकलेले.

समितीच्या मधल्या खुर्चीत कॉम्रेड गेर्गोवा बसली होती, चष्मा कपाळावर. तिनं हात केला, टेप सुरू झाली, आणि हॉलभर डोन्काचा पियानो ऐकू आला. स्वतःला असं लांबून ऐकायची डोन्काची ती पहिलीच वेळ. बरं वाजवतो आपण, असं तिला वाटलं. पीठ मळायचा पंजा.

पहिली उडी. राली वर गेली, उंच, नेहमीपेक्षा उंच, आणि खाली आली. लगेच आली. दोन्ही पाय एकदम, सफाईनं. आणि सूर अजून वरच लटकत होता. टेपवरची डोन्का थांबली होती, जी पोरगी उशिरा येणार होती तिच्यासाठी. आणि ही आधीच येऊन उभी. चेंडू हातातून सुटला होता, सुराच्या आधी छातीवर आला, राली क्षणभर गोंधळली, सूर शोधल्यासारखी मान वळवली. डोन्काला ती मान दिसली. सहा वर्षांची असल्यापासून पोरीनं पियानोच्या दिशेला अशी मान कधी वळवली नव्हती. आज वळवली, आणि तिथं कोट पडलेले.

वर प्रेक्षकांत डोन्काची बोटं मांडीवर जोरजोरात चालायला लागली. सोड, सोड आता. शेजारची बाई तिच्याकडे बघायला लागली.

दुसऱ्या ठिकाणी राली पुन्हा लवकर आली. आता तिला कळलं की संगीत मागं राहतंय, म्हणून तिनं थांबून बघितलं, आणि ती थांबली तेव्हा नेमकी टेप पुढं सुटली. गेर्गोवानं चष्मा डोळ्यांवर घेतला, शेजारणीला काहीतरी म्हणाली. शेजारीण हसली.

तिसरी उडी मोठी होती. मागं पडलेलं गाठायला राली धावतच तिच्यात शिरली. पाय असता तर त्यानं तिला सांगितलं असतं की पाऊल दुमडलंय, की जमीन आलीय. पाय तिथं नव्हता. ती पूर्ण वजनानिशी दुमडलेल्या पावलावर उतरली. पोरगी हलकी होती, सगळ्या गावानं मिळून तिला हलकी केली होती, तरी आवाज आला. कोरडी काडी मोडल्यासारखा. तो वरपर्यंत ऐकू गेला, कारण नेमका तेव्हा टेपवर डोन्का थांबली होती. तिसरा थांबा सगळ्यात लांब होता.

राली उठली. हे लक्षात घ्या. तिला काही दुखत नव्हतं, म्हणून ती उठली, घरंगळणाऱ्या चेंडूमागं चार पावलं गेली, आणि मग खाली बघितलं. तिचं पाऊल आडवं झालं होतं. ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं ती त्याच्याकडे बघत राहिली. मग बसली. संगीत शेवटपर्यंत वाजलं. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

डोन्का जिन्यावरून खाली आली तेव्हा गेर्गोवा उभी राहून सांगत होती, "पायाचं वाईट झालं. पण पाय नंतर मोडला. पहिल्या उडीपासूनच ती तालाबाहेर होती. हिला कानच नाही. अशा मुली इथवर येतात कशा?"

"हिला कान नाही?" डोन्का म्हणाली. "ती माझी मुलगी आहे."

"मग तुम्ही तरी सांगायला हवं होतं, कॉम्रेड," गेर्गोवा म्हणाली आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

इस्पितळाच्या बोळात स्नेझा आणि डोन्का एका बाकावर बसल्या. आत पोरीच्या पायातलं औषध आता उतरत होतं आणि ते ऐकू येत होतं.

"तू सुई दिलीस," डोन्का म्हणाली.

"दिली."

"मला सांगितलं नाहीस."

"तू मला सांगितलं होतंस, पाच महिने तिचा पाय मोडका आहे म्हणून?" स्नेझानं सिगारेट काढली आणि पुन्हा ठेवली. "मी तिला उपाशी ठेवलं, मान्य. मी राक्षस आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. पण तू थांबली नसतीस ना, डोन्का, तर ती ऑक्टोबरातच माझ्यासमोर पडली असती. गालिच्यावर. प्लॅस्टर लागलं असतं, शिव्या खाल्ल्या असत्या, पुढच्या वर्षी आली असती. तिचा ताल आधी मोडला, तो तू मोडलास. पाय मागाहून गेला."

डोन्कानं स्नेझाच्या थोबाडीत मारली. स्नेझा गाल चोळत म्हणाली, "हे मात्र तालात होतं."

पायाची दोनदा चिरफाड झाली. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून पेन्चोला दाखवलं, जुना तडा कुठला, नवा कुठला. जुना तडा भरून यायला सहा आठवडे विश्रांती पुरली असती, असं त्यांनी सांगितलं. पेन्चोनं ते घरी आल्यावर सांगितलं नाही. करकोचे आले, बंदराच्या धुरांड्यावर घरटी झाली, वसंत सरून उन्हाळा आला. पेन्चो क्रेनमध्ये चढायचा, उतरायचा, जेवायचा. डोन्काशी बोलायचं असेल तर रालीमार्फत बोलायचा. "तुझ्या आईला सांग, मीठ दे."

पाऊल वाकडंच जुळलं. राली शाळा संपवून ब्रेडच्या दुकानात लागली, पहाटेच्या भट्टीवर. दिवसभर उभं राहायचं काम, पण तिनं तेच मागून घेतलं. दोन वर्षांत ती रुंद झाली. पाव आला की पहिल्यांदा त्याची कड स्वतः मोडून खायची, गिऱ्हाइकांसमोर, ल्युतेनित्सा, मिरच्या-टोमॅटोची चटणी, चोपडून, आणि कुणी बघितलं तर त्याच्याकडे बघत खायची.

क्रीडागृहात टेपरेकॉर्डर आला. डोन्काला एका बालवाडीत पाठवलं. तिथं पोरं तिच्या पियानोवर गोलात चालतात. एकही तालात चालत नाही. डोन्का कुणासाठी थांबत नाही. पट्ट्यांकडे बघत वाजवते, सरळ, एका चालीत, आणि मागं राहिलेलं पोर रडलं तरी मान वळवत नाही. बालवाडीच्या बाया म्हणतात, बाई कडक आहे.

यानंतरच्या एका रविवारी तिघं घरी होती. टीव्हीवर राष्ट्रीय स्पर्धा लागली होती. पेन्चो उठून बंद करायला निघाला तर राली म्हणाली, "राहू दे. रुसेची मुलगी आहे." देसिस्लावा नावाची, पंधरा वर्षांची, स्नेझाची नवी. हातात चेंडू. तिनं पाय जुळवले, मान टाकली, आणि संगीत सुरू झालं.

डोन्कानं ते पहिल्या सुराला ओळखलं. सोफियाहून टेप परत आली होती ती स्नेझाकडेच, आणि स्नेझा काही फुकट घालवणाऱ्यांतली नव्हती.

देसिस्लावा उडाली, उतरली, आणि जिथं सूर लटकला तिथं तीही लटकली, एक हात वर, मान मागं, चेंडू बोटांच्या टोकावर. सगळा हॉल श्वास धरून बसला. सूर सुटला तशी तीही सुटली. टाळ्या पडल्या. समालोचक हळू, देवळात बोलल्यासारखा बोलला, "हे विराम बघा. असे विराम शिकवता येत नाहीत. म्हणूनच आम्ही याला कलात्मक म्हणतो."

पेन्चो परत खाली बसला. डोन्काचे हात मांडीवर होते, आणि तिनं ते एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले होते. दुसरी उडी झाली, दुसरा विराम, पुन्हा टाळ्या. राली पाव खात होती. तिसरी उडी आली. देसिस्लावा उतरली, थांबली, आणि तो लांब सूर हॉलभर उभा राहिला, सरता सरेना. कॅमेरा तिच्या पावलावर गेला. सरळ, गोरं, नीट टेकलेलं पाऊल.

रालीनं घास गिळला.

"इथं जास्तच थांबलीस, आई," ती म्हणाली. "इथं मला एवढं दुखत नव्हतं."